जुना डेस्कटॉप पुन्हा पळता करायचा तर: रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि बाहेरची जोडणी

घरातला किंवा दुकानातला सहा-सात वर्षांचा डेस्कटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, ब्राउझरचे चार टॅब उघडले की मान टाकतो, आणि मग कोणीतरी सुचवतं, "रॅम टाक, पळेल." सल्ला कधी बरोबर असतो, कधी साफ चुकीचा. भाग बसवणं हे या कामातलं सोपं अंग आहे. एक स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर असला की जमतं. पैसे वाया जातात ते खरेदीत: डीडीआर३ च्या मदरबोर्डाला (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) डीडीआर४ ची रॅम, सडपातळ कॅबिनेटला उंच ग्राफिक्स कार्ड, साटा मागणाऱ्या स्लॉटला एनव्हीएमई. डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या; साटा आणि एनव्हीएमई या एसएसडी जोडायच्या दोन पद्धती, दुसरी जास्त वेगवान. म्हणून इथे दुकानात जाण्याआधीच्या कामाला जागा जरा जास्त दिली आहे.

पैसे काढण्याआधी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि मागे तुमचं रोजचं काम सुरू ठेवा: टॅली, एक्सेल, दहा टॅब, जे असेल ते. मशीन अडखळलं की आकडे बघा. डिस्क १०० टक्क्यांना चिकटून बसली आहे, मेमरी (म्हणजे रॅम) मात्र निम्मी रिकामी आहे आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे? मग रोग डिस्कमध्ये आहे, एसएसडी घाला, म्हणजे चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क. मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे. दोन्ही एकदम वर असतील तर रॅम पुरत नाही म्हणून विंडोज डिस्कवर ओझं टाकत असतं. अशा मशीनला दोन्ही लागतात. आणि नुसता सीपीयूच (प्रोसेसर) सतत १०० वर असेल, तर आधी कुठला प्रोग्राम तो खातोय ते शोधा. तिथे रॅम घालून काही फरक पडणार नाही.

मेमरीच्या त्याच पानावर खाली किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅमचा वेग किती हे लिहिलेलं असतं. वेग १३३३ किंवा १६०० दिसला तर बहुधा डीडीआर३, २१३३ ते ३२०० च्या दरम्यान असेल तर डीडीआर४, ४८०० किंवा वर असेल तर डीडीआर५. या तिघींच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. लॅपटॉपची रॅम लांबीला अर्धी, तीही चालत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी 'रजिस्टर्ड ईसीसी' रॅम सर्व्हरची असते. ती घरगुती बोर्डावर चालत नाही, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आता स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. बेसबोर्डच्या ओळीत मदरबोर्डची कंपनी आणि मॉडेल मिळेल. ब्रँडेड मशीन असेल तर कॅबिनेटवरच्या स्टिकरवर मॉडेल असतं. कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि तीन गोष्टी बघा: जास्तीत जास्त किती रॅम चालते, एम.२ स्लॉट (पातळ पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) आहे का, आणि तो एनव्हीएमई घेतो की फक्त साटा. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्येच 'सिस्टिम टाइप'ही वाचा. ३२ बिट विंडोज असेल तर ते ४ जीबीच्या वर रॅम वापरूच शकत नाही. आधी ६४ बिट विंडोज घाला, मग रॅमचा विचार करा.

आणखी एक हिशेब करावा लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन चौथ्या-सहाव्या पिढीचं असेल तर त्यावर किती खर्च करायचा ते ठरवून करा. माझं मत सरळ आहे: अशा मशीनला साटा एसएसडी जरूर घ्या, कारण ती उद्या दुसऱ्या मशीनलाही लागेल. डीडीआर३ रॅम मात्र नव्या बोर्डावर कुठेच जात नाही, तेव्हा ती वापरलेली, स्वस्त आणि समोर तपासून घ्या. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम चालवली तर असं मशीन पत्रव्यवहार आणि ब्राउझिंगला अजून काही वर्षं सहज जाईल.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्लीला जाणार असाल तर जुन्या रॅमच्या स्टिकरचा आणि मदरबोर्डचा फोटो मोबाइलमध्ये न्या. "आठ जीबीची रॅम द्या" एवढ्यावर दुकानदार हाताला येईल ती देतो. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्यावरच ठरते. वस्तूवरचं स्टिकर खरवडू नका. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही.

उघडण्याची तयारी

महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे काढा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हार्डवेअर किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) बदल झाला की मशीन सुरू होतानाच ती मागू शकतं, आणि ती की त्याच बंद मशीनमध्ये अडकली असेल तर मग काही इलाज नाही.

शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे मशीन खरोखर पूर्ण बंद होतं. मागचा एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद, वायर काढलेली, बाकीच्या वायरीही काढलेल्या. त्यानंतर पुढचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा; आत उरलेला करंट निघून जातो. बटण दाबल्यावर क्षणभर पंखा हलला तर घाबरू नका.

टेबल लाकडी असावं, खाली गालिचा किंवा ब्लँकेट नसावं, अंगात नायलॉनचं काही नको. भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा आणि मधूनमधून करत राहा. अंगातली स्टॅटिक वीज चिपवर उतरण्याऐवजी तिथे उतरते. फुलीच्या टोकाचा, चुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि स्क्रूसाठी एक वाटी. समोरून बघताना डाव्या हाताचं झाकण मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवलं की सुटतं. आतल्या वायरींचा फोटो काढा. हा फोटो पुढे दहा प्रश्न वाचवतो.

आत धूळ असणारच, आणि क्वचित पालीची अंडी किंवा झुरळंही. मशीन गॅलरीत नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. हवेच्या जोराने पंखा सुसाट फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडतं. एसएमपीएसला बाहेरूनच फुंकर मारा. तो उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोरात झटका देण्याइतका चार्ज राहतो. मशीन सात-आठ वर्षांचं असेल आणि तारीख-वेळ सारखी मागे जात असेल, तर झाकण उघडलंच आहे तेव्हा बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, बदलून टाका.

इथून पुढे एकच नियम काटेकोर पाळा: एका वेळी एकच भाग बसवायचा, मशीन चालू करून बघायचं, बंद करायचं, मग पुढचा. रॅम, एसएसडी आणि कार्ड तिन्ही एकदम घातलं आणि स्क्रीन काळी राहिली, तर दोष कोणाचा हे शोधण्यात दुपार जाते.

रॅम

१. स्लॉटच्या टोकाचे खटके बाहेर दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो.

२. रॅम कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. तिची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळते का बघा. जुळत नसेल तर उलटी करून बघा. तरीही जुळली नाही तर रॅम चुकीची आहे, जोर लावू नका.

३. सरळ उभी ठेवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. खटके आपोआप आत येऊन 'टक' असा आवाज होतो. पहिल्यांदा करणाऱ्याला हा दाब जास्तच वाटतो, बोर्ड किंचित वाकल्यासारखाही दिसतो. तेवढा लागतो. अर्धवट बसलेली रॅम हे काळ्या स्क्रीनचं सगळ्यात मोठं कारण.

चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, म्हणजे दोन्ही स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये, एकत्र आणि जास्त वेगाने, चालतात. जुन्या आणि नव्या स्टिकचे वेग वेगळे असले तर दोन्ही कमी वेगाने चालतात. काही बिघडत नाही. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घ्यायला वेळ घेतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाईने बटण दाबून बंद करू नका.

एसएसडी

जुन्या मशीनला खरा तरतरीतपणा येतो तो इथे. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, एनव्हीएमई पीसीआयई ३.० (बोर्डावरची वेगवान जोडणी) वर ३५०० पर्यंत. पण आकड्यांवर भाळू नका. विंडोज हजारो बारीक फाइल्स इकडून तिकडून उचलतं, आणि हार्ड डिस्कची सुई प्रत्येक फाइलसाठी जागा बदलते. तो वेळच एसएसडी वाचवते. त्यामुळे हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, तो साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर रोजच्या कामात जाणवत नाही. जुन्या बोर्डाला साटा पुरेशी आहे.

साटा एसएसडी अडीच इंची असते, डेस्कटॉपमधली जागा साडेतीन इंची. त्यासाठी पत्र्याची किंवा प्लास्टिकची ब्रॅकेट मिळते. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू एसएसडीला लागत नाहीत, तिला बारीक आट्यांचे लागतात. जाड स्क्रू दामटलात तर आटे मोडतील. ब्रॅकेटसोबत आलेलेच वापरा. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसल्यामुळे ती आडवी, उभी कशीही बसते.

दोन जोडण्या असतात. अरुंद डेटा केबल एसएसडीतून मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला, आणि रुंद पॉवर केबल एसएमपीएसकडून. दोन्हींचा आकार इंग्रजी 'एल'सारखा, त्यामुळे एकाच बाजूने बसतात. वाकडं ओढून तो प्लास्टिकचा दांडा मोडला तर ड्राइव्ह कामातून गेला. एसएमपीएसला साटा पॉवर शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून कन्व्हर्टर मिळतो. त्यातले ओतीव प्लास्टिकचे, अगदी स्वस्तातले जळल्याची उदाहरणं आहेत. ज्यात प्रत्येक वायर वेगळी आत दाबून बसवलेली दिसते तो घ्या. ही केबल साधीच दिसते, पण दहा-वीस रुपये इथे वाचवू नका.

एम.२ एसएसडी असेल तर ती साधारण ३० अंशात तिरपी सरकवा, खाली दाबा आणि टोकाचा तो इवलासा स्क्रू लावा. हाच स्क्रू बोर्डाखाली पडतो आणि सापडत नाही, म्हणून वर चुंबक म्हटलं. ८० मिलिमीटर लांबीची एसएसडी सगळ्यात सर्रास मिळते; बोर्डावरचा उंचवटा त्याच लांबीला आहे ना बघा. वर हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) असेल तर त्याच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म सोलायला विसरू नका. एम.२ भरली की काही बोर्डांवर एखादा साटा पोर्ट बंद पडतो, हेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. २०१५ च्या आधीच्या बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमई वरून विंडोज सुरू होत नाही.

आता विंडोजचं काय? दोन रस्ते आहेत. जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची, म्हणजे क्लोन करायची. बऱ्याच एसएसडी कंपन्या त्यासाठी आपलं फुकट सॉफ्टवेअर देतात. नाहीतर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेऊन नव्याने टाकायचं. मी नव्याने टाकण्याच्या बाजूचा आहे. आठ वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही. पण हिशेबाचं किंवा क्लिनिकचं सॉफ्टवेअर असेल, त्याची की किंवा सीडी हाताशी नसेल, तर क्लोनच करा.

कुठलाही रस्ता घ्या, पहिल्यांदा सुरू करताना जुनी हार्ड डिस्क सोडवून ठेवा. क्लोन केलेल्या दोन डिस्कची ओळखखूण एकच असल्यामुळे विंडोज गोंधळतं; आणि नव्याने टाकताना जुनी डिस्क जोडलेली असली तर चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट मारण्याची भीती असते, शिवाय बूटच्या फाइल्स जुनीवरच जाऊन बसतात. सगळं ठीक चाललं की मग तिला परत जोडा आणि बायोसमध्ये बूटचा पहिला क्रम एसएसडीला द्या. बायोसमध्ये जायला सुरू करताच एफ२ किंवा डिलीट टिचकत राहायचं. क्लोन केलं असेल तर बायोसमधला साटा मोड जसा होता तसाच ठेवा, बदललात तर विंडोज सुरूच होणार नाही.

कोरी एसएसडी जास्तीची म्हणून लावली आणि 'धिस पीसी'त दिसत नाही, तर ती बिघडलेली नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला इनिशिअलाइझ करा, जीपीटी निवडा, आणि न्यू सिंपल व्हॉल्यूम करा. त्याआधी आकार बघून खात्री करा की ती हीच डिस्क आहे. हार्ड डिस्कला डीफ्रॅग करायची सवय असेल तर ती एसएसडीला लावू नका. तिची देखभाल विंडोज स्वतः करतं.

ग्राफिक्स कार्ड

ऑफिस आणि अभ्यासापुरतं मशीन असेल तर हा खर्च टाळा. गेम, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी असेल तरच. कार्डाच्या बाबतीत डोकं फोडणारा प्रश्न पॉवरचा असतो. पीसीआयई स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात; सहा पिनांची जोडणी आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपचे एसएमपीएस बऱ्याचदा जेमतेम दोनशे-अडीचशे वॉटचे, त्यात या जादा पिना नसतात आणि एसएमपीएसचा आकारही कंपनीचा खास. तिथे जादा पॉवर न मागणारंच कार्ड घ्यायचं: जीटी १०३० (३० वॉट), जीटीएक्स १६५० ची बिनपिनांची आवृत्ती, किंवा आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली (७० वॉट). सडपातळ कॅबिनेट असेल तर 'लो प्रोफाइल' कार्ड आणि त्याची आखूड पट्टी मागून घ्या.

मागचा पत्रा काढा, लांब स्लॉटमध्ये कार्ड 'टक' होईपर्यंत दाबा, स्क्रूने आवळा, पॉवर पिना असतील तर त्या लावा. प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसायला सारखी असते पण ती ही नव्हे. एसएमपीएस नवा घेतला आणि त्याच्या वायरी सुटणाऱ्या असल्या, तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी त्यात कधीही खुपसू नका; प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क क्षणात जळते. शेवटी मॉनिटरची केबल कार्डाला लावा. ती बोर्डाच्या जुन्या पोर्टातच ठेवून "कार्ड चालत नाही" म्हणत दुकान गाठणारे पुष्कळ असतात.

बाहेरची जोडणी

बाहेरची हार्ड डिस्क मागच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावा. निळा म्हणजे बहुधा ३.०, त्याची मर्यादा ५ जीबीपीएस, काळ्या २.० पोर्टची ४८० एमबीपीएस. मशीनमधून काढलेली जुनी हार्ड डिस्क टाकू नका, साटा ते यूएसबी केसमध्ये घालून ती बॅकअपला वापरा. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर असलेलीच केस लागते.

वाय-फायचा डोंगल लावला आणि नेट रडतखडत चालतंय, विशेषतः शेजारीच ३.० ची हार्ड डिस्क असताना? यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. डोंगल मीटरभर एक्स्टेन्शनवर लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झला जोडा. वायरलेस माउस अडखळतो तेव्हाही हेच करून बघा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? आपल्याकडे ही तक्रार घरोघरी असते. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दाब येऊन बसतो. करंट अगदी थोडा, पण चालू मशीनला टीव्ही किंवा प्रोजेक्टरची एचडीएमआय लावताना तोच करंट पोर्ट जाळू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तोपर्यंत एचडीएमआय दोन्हीकडची वीज बंद करूनच लावा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवू नका.

यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॉटपर्यंतचंच ओझं पेलतो. मोठं ग्राफिक्स कार्ड घातलं तर तो लाइट जाताच मशीनसकट बसू शकतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचाच नाही. तो तापताना एकदम जोरात वीज खेचतो. राउटर मात्र जरूर लावा.

चालू झालं नाही तर

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी: मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा, मग रॅम काढून पुन्हा बसवा. दोन स्टिक असतील तर एकच ठेवून आलटून पालटून बघा. सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर स्वच्छ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. आपल्याकडचे कारागीर खोडरबर मारतात, चालतं, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये राहू देऊ नका.

काहीच हललं नाही: एसएमपीएसचा मागचा स्विच बघा. मग रॅम दाबताना हात लागून प्रोसेसरजवळची पॉवर वायर किंवा पुढच्या बटणाची बारीक वायर सुटली का ते सुरुवातीच्या फोटोशी ताडून बघा.

चालू होतं पण मध्येच निळी स्क्रीन येते: बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग चालू असेल तर बंद करा, आणि विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक रात्री लावून ठेवा. चूक दाखवली तर रॅम बिलासकट दुकानात परत.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर वायर काढून गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतो. नवा भाग काढा आणि जुन्याच अवस्थेत मशीन सुरू होतं का बघा. सुरू झालं तर नवा भाग शंकास्पद, तो दुकानातच दुसऱ्या मशीनवर लावून दाखवायला सांगा. जुनी हार्ड डिस्क मात्र नवी एसएसडी महिनाभर नीट चालल्यावरच फॉरमॅट करा.